कॉलेजचं वय कुठल्या तारखेपासून मोजायचं?

ऐरोलीहून एका वडिलांनी प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगते. मुलीला एमएचटी-सीईटीत 93च्या आसपास पर्सेंटाइल मिळालेत. हातात दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नवी मुंबईतलं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं जुनं कॉलेज. ते अलीकडेच स्वायत्त झालंय आणि तिथे तिला इलेक्ट्रिकल मिळेल असं दिसतंय. दुसरा म्हणजे एका विद्यापीठाचं नवं ‘स्कूल ऑफ इंजिनिअरिंग’. तिथे कॉम्प्युटर-एआयची जागा तयार आहे, इमारत देखणी आहे, आणि माहितीपत्रकावर ‘चाळीस वर्षांची परंपरा’ असं छापलंय. आजोबा म्हणतात जुन्या कॉलेजात घाला, मुलगी एआय म्हणतेय. वडील विचारताहेत की इंजिनिअरिंग कॉलेजच्या इतिहासाला खरंच काही अर्थ असतो का, आणि ही चाळीस वर्षं नेमकी कशाची?

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. नवी मुंबईतल्या तीन कॉलेजांत मिळून 28 वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं, शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होते. सुरुवातीला ठाणे-बेलापूर रस्त्यानं बसनं जायचे. ट्रान्स-हार्बरची लोकल 2004 साली सुरू झाली, तोवर रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यांचा वास नाकात घेऊनच पहिल्या लेक्चरला उभी राहायचे. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून ठाणे आणि रायगडमधल्या पुष्कळ कॉलेजांत ओरल्स (तोंडी परीक्षा) घेतल्यात. दुसऱ्याच्या कॉलेजात दिवसभर बसून मुलांना प्रश्न विचारले की त्या कॉलेजाचं जे कळतं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. त्या अनुभवावरच लिहितेय.

तुमचा प्रश्न वरवर ‘जुनं की नवं’ असा आहे. मला मात्र त्यात तीन प्रश्न दिसतात. पुढची चार वर्षं माझ्या मुलीला शिकवणार कोण? तिचा पेपर काढणार आणि तपासणार कोण? आणि शेवटी पदवीच्या कागदावर नाव कुणाचं? इतिहास या तिन्हींच्या उत्तरांत लपलेला असतो. तो शोधायचा कुठे, हे कळलं की स्थापनेच्या सालाला फारसं महत्त्व उरत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. घरचं उत्पन्न किती, प्रवर्ग कोणता, कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) कट-ऑफ कुठे थांबतो, मुलीला गणित आवडतं की ती ते फक्त सोडवू शकते. यातलं एखादं उत्तर बदललं तर माझा सल्लाही बदलेल. विशेषतः उत्पन्नाचा मुद्दा मोठा आहे, त्याकडे शेवटी येते.

आता इतिहास. विद्यापीठाचं वय आणि त्याच्या इंजिनिअरिंगचं वय या दोन वेगळ्या तारखा असतात, आणि आपल्याकडे त्या फार क्वचित जुळतात.

पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज घ्या. ते एक वर्ग म्हणून 1854 साली सुरू झालं, सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 18 जुलै 1857ला. म्हणजे हे कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न झालं, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठं होतं. विश्वेश्वरय्या तिथून 1883 साली उत्तीर्ण झाले, तेव्हा त्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या परीक्षेचं नाव एल.सी.ई. होतं आणि विद्यापीठ मुंबईचं. पुढे 1949 साली पुणे विद्यापीठ निघालं आणि कॉलेज तिकडे गेलं. 2022 साली ते स्वतःच विद्यापीठ झालं. पदवीवरचं विद्यापीठाचं नाव एवढ्या वेळा बदललं, तरी आपण सगळे त्याला एकच कॉलेज मानतो. का? कारण एका पिढीनं दुसरीला शिकवायचं तिथे कधी थांबलं नाही.

व्हीजेटीआयचंही तसंच. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्तानं भायखळ्याला सुरू झालेली संस्था. त्या वेळच्या मुंबईला गिरण्या चालवायला माणसं हवी होती, म्हणून यंत्र आणि कापड हे विषय आधी आले. 1923 साली माटुंग्याला आली, 1997 साली नावातलं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ जाऊन वीरमाता जिजाबाईंचं नाव आलं. आद्याक्षरं तीच राहिली, म्हणून माझ्या पिढीच्या कित्येकांना नाव बदलल्याचं जाणवलंसुद्धा नाही.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र यूडीसीटीचं, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी). ते खऱ्या अर्थानं विद्यापीठाचं स्वतःचं इंजिनिअरिंग स्कूल होतं. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठानं स्वतःचा विभाग म्हणून रासायनिक तंत्रज्ञान सुरू केलं. तेव्हा विद्यापीठ 76 वर्षांचं होतं आणि विभाग पहिल्या दिवसाचा. त्या दिवशी कुणी ‘76 वर्षांची परंपरा’ असं छापलं असतं तर ते खरं ठरलं असतं का? विद्यापीठापुरतं ठरलं असतं, रंगांच्या रसायनशास्त्राच्या लॅबपुरतं नाही. ती परंपरा नंतर माणसांनी उभी केली. एम. एम. शर्मा तिथे 1964 साली, वयाच्या 27व्या वर्षी प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तीन दशकांहून जास्त काळ तिथेच शिकवत राहिले. रघुनाथ माशेलकर तिथे शिकले आणि शर्मांच्याच हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. एक शिक्षक एका जागी तीस वर्षं टिकतो, त्याचा विद्यार्थी पुढे देशाच्या विज्ञानसंस्था चालवतो, त्याच भिंतींत पुढची तुकडी शिकत असते. 2008 साली त्या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तोवर मानण्यासारखं सगळं त्यानं आधीच मिळवलं होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने भरात होते तेव्हा तिथे भेटलेले जुने इंजिनिअर ‘मी यूडीसीटीचा’ असं ज्या आवाजात सांगायचे, तो आवाज मला अजून आठवतो.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी राज्यात जागा इतक्या कमी होत्या की बरे गुण मिळालेली मुलंही पैसे भरून कर्नाटकात जायची. सिडकोनं 1970 पासून वसवायला घेतलेल्या या शहरात जमीन होती, आणि शेजारी ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा होता. नेरुळचं रामराव आदिक इन्स्टिट्यूट 1983चं, ऐरोलीचं दत्ता मेघे 1988चं, बेलापूरचं भारती विद्यापीठाचं 1990चं, नेरुळचं तेरणा 1991चं, वाशीचं फादर रॉड्रिग्ज आणि कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक 1994ची. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांत ‘जुन्या’ कॉलेजचं वय तुमच्या-माझ्या पिढीहून कमीच. आजोबांच्या मनातलं जुनं आणि हे जुनं एक नाही.

यातलंच एक उदाहरण बघा. रामराव आदिक पुढे डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा भाग झालं. ते विद्यापीठ 2002चं. म्हणजे तिथे विद्यापीठ धाकटं आणि इंजिनिअरिंग थोरलं. दुसरीकडे उलटही असतं. संस्था चाळीस वर्षांची असते, तिनं आधी शाळा काढलेली असते, मग दंतवैद्यक किंवा मॅनेजमेंट, आणि इंजिनिअरिंग मात्र काल-परवा सुरू झालेलं असतं. शाळा चालवणं ही मानाचीच परंपरा आहे, पण तिच्यामुळे बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये अनुभवी माणूस येत नाही. तेव्हा ‘चाळीस वर्षांची परंपरा’ दिसली की सरळ विचारा: इंजिनिअरिंगची पहिली तुकडी कोणत्या साली बाहेर पडली? आणि त्यातही या शाखेची? उत्तर ‘अजून पडायची आहे’ असं असेल तर ते वाईट नाही, पण तुम्हाला ते प्रवेशाआधी माहीत असायला हवं.

कायद्याचा एक भाग पालकांना सहसा कुणी नीट समजावत नाही. संलग्न कॉलेजला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची मान्यता लागते. स्वायत्त झालं तरी लागते. अभिमत विद्यापीठांनाही तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी ती लागते, 2017च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर त्यात शंकाच उरली नाही. पण विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला इंजिनिअरिंगचा कोर्स सुरू करण्याआधी एआयसीटीईची परवानगी घेणं बंधनकारक नाही, हे त्याच न्यायालयानं 2001 साली सांगितलंय. म्हणून ‘स्कूल’चं काउन्सेलिंग करणारी व्यक्ती ‘आम्हाला ते लागत नाही’ म्हणाली तर ती खोटं बोलत नसते. त्या स्कूलची पदवीही पूर्ण वैध असते. फरक एवढाच की बाहेरचा एक तपासनीस कमी होतो, आणि ते काम तुम्हाला स्वतः करावं लागतं.

आता पेपर कोण काढतं, याकडे. मला वाटतं सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

मी शिकवायला लागले तेव्हा मुंबई विद्यापीठाचा एकच पेपर कुलाब्यापासून सावंतवाडीपर्यंत एकाच वेळी फुटायचा, म्हणजे वाटला जायचा. त्याचा मोठा फायदा होता. आमच्या कॉलेजात एखाद्या विषयाला शिक्षकच नसला तरी मूल ठाणे स्टेशनजवळच्या क्लासला जाऊन, मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवून पास व्हायचं, आणि त्याच्या 60 टक्क्यांना माटुंग्याच्या मुलाच्या 60 टक्क्यांइतकीच किंमत असायची. तोटाही तेवढाच मोठा होता. सुपरपोझिशन थिअरमचं गणित कुठल्या प्रश्नात येणार हे मुलांना माझ्याआधी माहीत असायचं. ‘मॅडम, हे नऊ वेळा आलंय’ असं वहीच्या कडेला लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

शेवटच्या कॉलेजला स्वायत्तता मिळाली आणि पहिल्यांदा मी माझा पेपर काढला. आमच्या नौपाड्याच्या सोसायटीचा पाण्याचा पंप डोळ्यांसमोर होता. प्रश्न असा दिला: थ्री-फेज मोटर, 5 एचपी, 415 व्होल्ट, पॉवर फॅक्टर 0.8, कार्यक्षमता 80 टक्के. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरवर लावाल? गणित अवघड नाही. 5 एचपी म्हणजे 3730 वॅट, पण ते मोटर बाहेर देते ते काम. आत घेताना तिला सुमारे 4660 वॅट लागतात, आणि करंट येतो 8.1 अँपिअर. अर्ध्या वर्गानं 6.5 लिहिलं. कार्यक्षमतेनं भागायचं राहिलं होतं. पुढच्या तासाला मी त्यांना विचारलं, रिले 6.5ला लावला तर काय होईल? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, टाकी भरायच्या आधी पंप बंद पडेल आणि वॉचमन बेल वाजवेल.’ त्या दिवशी तिला मोटरची इनपुट आणि आउटपुट पॉवर कायमची कळली. विद्यापीठाच्या जुन्या पेपरात हा प्रश्न मला विचारता आला नसता.

पण हेच स्वातंत्र्य उलटही वापरलं जातं. स्वतः शिकवायचं, स्वतः पेपर काढायचा, स्वतः तपासायचा. शिक्षक कच्चा असेल किंवा वरून ‘निकाल चांगला लागला पाहिजे’ असा दबाव असेल, तर वर्गात सोडवलेली पाच गणितं आकडे बदलून पेपरात येतात आणि सगळ्यांना नऊ पॉइंटर मिळतो. मी एक्सटर्नल म्हणून अशा मुलांच्या ओरल्स घेतल्यात. नऊ पॉइंटरचा मुलगा, आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही हे सांगता येईना. त्या मुलाची चूक नव्हती, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. स्वायत्त कॉलेज असो की विद्यापीठाचं स्वतःचं स्कूल, हा धोका दोघांनाही सारखाच आहे. म्हणून दोन्ही ठिकाणी मागच्या तीन वर्षांचे प्रश्नपत्रिकांचे संच मागा. चांगली कॉलेजं ते लायब्ररीत ठेवतात. एकाच विषयाचे तीन पेपर शेजारी ठेवून बघा. तुम्हाला इलेक्ट्रिकल येत नसलं तरी प्रश्न दर वर्षी तेच आहेत का, हे नक्की कळेल. पेपर तपासायला बाहेरचे परीक्षक येतात का, तेही विचारा.

इथवरचं एकत्र करून सांगते: साल बघायचं ते शाखेच्या पहिल्या बाहेर पडलेल्या तुकडीचं. पदवी दोन्हीकडची वैध आहे; जुन्या कॉलेजची, स्वायत्त असूनही, मुंबई विद्यापीठाच्या नावानं मिळेल आणि दुसरी त्या विद्यापीठाच्या नावानं. आणि पेपर दोन्हीकडे घरचाच असल्यामुळे सगळा भार शिकवणाऱ्यांवर येतो.

तर शिकवणारे. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाची फाइल असते, कंटाळवाणी, शेकडो पानांची. तिच्यात शिक्षकांची यादी असते आणि बहुतेक वेळा रुजू झाल्याची तारीखही. मुलीला म्हणावं, तुझ्या शाखेची यादी उघड आणि दहा वर्षांहून जास्त काळ असलेले किती, ते मोज. एआयसीटीईच्या नियमानं वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. साठ जागांच्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचे 180 विद्यार्थी धरले तर नऊ शिक्षक हवेत. त्या नवांपैकी तीन-चार जण दहा वर्षांवर असतील तर मी त्या विभागाला जिवंत समजते. सगळेच्या सगळे मागच्या दोन वर्षांत आलेले असतील तर कॉलेज 1983चं असू दे की 2023चं, तो विभाग माझ्या लेखी दोन वर्षांचा आहे. नव्या स्कूलमध्ये दुसऱ्या कॉलेजातून आलेले अनुभवी प्राध्यापक असू शकतात, आणि मग त्या स्कूलला न मागता वीस वर्षांचा अनुभव मिळतो. म्हणून ही यादी दोन्ही बाजूंची काढा, फक्त नव्याची नको.

लॅबकडे आता येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण लॅब मला सगळ्यात जास्त सांगते.

मी नवीन असताना एका कॉलेजात, नाव घेत नाही, तपासणी समिती यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सहा सीआरओ (ऑसिलोस्कोप) एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये हलवले. समितीनं सकाळी ते एका मजल्यावर मोजले, दुपारी दुसऱ्या मजल्यावर. त्यातला एक मी स्वतः उचलून नेला होता. आवाज उठवायचं धाडस तेव्हा झालं नाही, आणि ती गोष्ट मला आजही सलते. तेव्हापासून उपकरणांची संख्या मी कधीच विचारत नाही. मी त्यांचं वापरलेपण बघते.

इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये गेलात तर मोटर-जनरेटर सेटच्या चौथऱ्याभोवतीची जमीन बघा. जिथे मुलं रोज उभी राहतात तिथला रंग गेलेला असतो, रबर मॅटच्या कडा वळलेल्या असतात. पॅनलवरच्या टर्मिनलना पकड बसलेली असते, कनेक्टिंग वायर्सची टोकं पुन्हा पुन्हा सोलून आखूड झालेली असतात. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर अजून असेल तर ते नवीन आहे किंवा नुसतं ठेवलेलं आहे. लॅबमधल्या काकांना विचारा, डेड स्टॉक रजिस्टर (उपकरणांची नोंदवही) आणि लॉगबुक ठेवता का? ज्या लॅबचे काका ‘ही मोटर गेल्या दिवाळीत रिवाइंड करून आणली, तेव्हापासून जरा गरम होते’ असं सांगतात, तिथे माझं मन लगेच बसतं. यंत्राच्या दुखण्याची तारीख ज्याला पाठ आहे, तो माणूस तिथे रोज असतो. आणि एखाद्या मुलाचं जर्नल उघडून बघायला मिळालं तर रीडिंगचे आकडे बघा. चार जणांच्या ग्रुपमध्ये चारही जर्नलांत दशांशापर्यंत तेच असणार, ते ठीक. पण दोन वेगळ्या बॅचेसच्या जर्नलांतही तेच आकडे असतील तर प्रॅक्टिकल झालेलं नाही, उतरवलं गेलंय.

एआयच्या लॅबमध्ये असं झिजलेलं काही दिसणार नाही, हे मान्य. तिथे तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. ‘मागच्या सेमिस्टरला काय बनवलंत, आणि ते चाललं नाही तेव्हा कुणी मदत केली?’ एवढंच विचारा. नाव घेऊन उत्तर आलं तर चांगलं लक्षण.

एनबीएबद्दल लोक फार गोंधळतात. या दोन्ही कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था. नॅक पूर्ण कॉलेजचं मूल्यांकन करतं, एनबीए प्रत्येक शाखेला वेगळी मान्यता देतं. कॉलेजच्या फाटकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ लिहिलंय म्हणजे तुमच्या मुलीची शाखा त्यात आहेच असं नाही. शिवाय त्या शाखेच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडे जाताच येत नाही. म्हणजे नवीन सुरू झालेल्या एआय शाखेकडे ती मान्यता असू शकत नाही, आणि नाही म्हणून तिला नावं ठेवण्याचंही कारण नाही. पण कुणी ‘आहे’ म्हणालं तर पत्र मागा आणि त्यावर शाखेचं नाव वाचा. भारत 2014 साली वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला, त्यामुळे परदेशात पुढे शिकायचं मनात असेल तर ही मान्यता, आणि तीही पहिल्या स्तराची, उपयोगी पडते. तो स्तर स्वायत्त कॉलेजांसाठी आणि विद्यापीठांसाठी असतो.

शाखेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, तरी मुलीसाठी लिहिते. तुम्ही ऐरोलीत राहता. माइंडस्पेस आयटी पार्कच्या काचेच्या इमारती तिला रोज दिसतात, म्हणून कॉम्प्युटरचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. पण ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत डेटा सेंटर्स उभी राहिलीत. एआय म्हणून जे काही आहे ते शेवटी तिथल्या मशीनवर चालतं, आणि ती मशीन चोवीस तास चालू ठेवतात ते ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, जनरेटर आणि कूलिंग. माझे जुने विद्यार्थी तिथे आहेत. इलेक्ट्रिकलवाल्या मुलीला कोडिंग शिकायला आज कुणी अडवत नाही. स्वायत्त कॉलेजांत जादा 18-20 क्रेडिट करून दुसऱ्या शाखेतला मायनर (जोड-विषय) घेता येतो, तो तिथे एआयमध्ये मिळतो का ते विचारा. तरीही तिला खरोखर सॉफ्टवेअरच आवडत असेल, रात्री जागून काही ना काही बनवत असेल, तर केवळ जुन्या कॉलेजच्या हट्टापायी तिला इलेक्ट्रिकलमध्ये ढकलू नका. न आवडणाऱ्या शाखेतली एम-थ्रीची, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची, केटी (राहिलेला विषय) फार जड जाते. मी अशा मुली वर्गात बघितल्यात.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल जुन्या स्वायत्त कॉलेजकडे आहे, पण शिक्षकांची यादी आणि तीन वर्षांचे पेपर बघून मगच. नव्या स्कूलची यादी जास्त भक्कम निघाली तर मी स्वतः तुम्हाला तिकडे जा म्हणेन. दोन्ही ठिकाणी सुट्टीचा दिवस सोडून जा, म्हणजे लॅब चालू असतात. मुलीला बरोबर न्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. काका लोक पालकांपेक्षा मुलांशी मोकळे बोलतात.

आता पैशाचा मुद्दा, जो मी शेवटी ठेवला होता. 2024-25 पासून राज्य सरकार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण परत देतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही, आणि खासगी विद्यापीठांना, ती अभिमत असली तरी, ही सवलत लागू नाही. तुमचं उत्पन्न त्या मर्यादेत असेल तर दोन पर्यायांमधलं अंतर चार वर्षांत काही लाखांचं होईल, आणि मग माझ्या मते चर्चा फार करायला नको. तसं असेल तर आजच उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करा. ऐरोली ठाणे तालुक्यात येते, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथल्या तहसील कार्यालयावर एवढा भार असतो की दाखला वेळेत हाती पडत नाही. इतर मागास प्रवर्गात असाल तर नॉन-क्रीमी लेयरचाही अर्ज त्याच फेरीत टाका, त्याला जास्त दिवस लागतात.